जुन्या लष्करी विमानांतली गॅलीची उपकरणं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुधवारी किंवा रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फेरी मारली, की चादरीवर मांडलेल्या पान्या-पकडींच्या गर्दीत एखादा जाड झाकणाचा, मागे विचित्र प्लग असलेला डबा दिसतो. विकणारा सांगतो, "ताई, लढाईच्या विमानातला आहे, लोहगावहून आलाय." कधी ते खरं असतं, बहुतेक वेळा नसतं. माझे वडील हवाई दलात विमानांच्या वायरिंगवर काम करायचे, त्यामुळे अशा वस्तू वाचायला मी लहानपणीच शिकले. गेली काही वर्षं ओळखीपाळखीचे लोक फोटो पाठवून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

गॅली म्हणजे नेमकं काय? विमानात स्वयंपाक करायचे का?

गॅली म्हणजे विमानातली किंवा जहाजातली स्वयंपाकाची जागा. लष्करी विमानात ती बहुधा एका फळीएवढीच असते: पाणी तापवायचं एखादं भांडं, थर्मास ठेवायची कडी, कपांसाठी भोकं पाडलेली पट्टी, फार तर एक छोटा ओव्हन. खरा स्वयंपाक अगदी थोड्या विमानांत व्हायचा. दुसऱ्या महायुद्धातलं शॉर्ट संडरलंड हे समुद्रावर उतरणारं ब्रिटिश विमान त्यातलं ठळक नाव. पाणबुड्यांच्या शोधात ते दहा-बारा तास समुद्रावर घिरट्या घालायचं. त्यात रॉकेलवर चालणारे प्रायमस स्टोव्ह होते आणि माणसं खरोखर गरम जेवायची. अमेरिकन कॅटलिना विमानात विजेची शेगडी असे. बाकीच्यांचं काम सँडविच आणि थर्मासमधल्या कॉफीवर भागायचं.

भारतात कुठल्या विमानांतून अशा वस्तू येऊ शकतात?

सगळ्यात आधी हाच प्रश्न स्वतःला विचारा, कारण निम्म्या दंतकथा इथेच गळून पडतात.

लोहगावचा हवाई दलाचा तळ १९३९ चा. त्याच्याशी पुणेकरांच्या मनात जोडलेलं जुनं विमान म्हणजे कॅनबेरा. भारतानं ही बॉम्बफेकी विमानं १९५७ पासून घेतली आणि २००७ पर्यंत उडवली. त्यामुळे बाजारात "कॅनबेरातला ओव्हन" हमखास भेटतो. पण कॅनबेरात दोन-तीन माणसं आपापल्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली बसत. उठून उभं राहायला जागा नाही, तिथे ओव्हन कुठून येणार? व्हॅम्पायर, हंटर, मिग या लढाऊ विमानांचंही तेच. लढाऊ विमानाचं नाव सांगून कोणी गॅलीची वस्तू विकत असेल, तर वस्तू चांगली असली तरी गोष्ट खोटी आहे असं समजा.

शोध घ्यायचा तो वाहतुकीच्या आणि लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानांत. डकोटा हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज उतरवली ती डकोटांनीच. १९५४ पासून आलेलं फेअरचाइल्ड पॅकेट, १९६१ ते १९९३ सेवेत असलेलं रशियन अँतोनोव्ह-१२, कानपूरला बांधलेलं ॲव्ह्रो (तिथल्या पहिल्या विमानानं १ नोव्हेंबर १९६१ ला उड्डाण केलं), नंतरची अँतोनोव्ह-३२ आणि इल्यूशिन-७६ ही बाकीची मोठी नावं. लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हवाई दलाकडे १९६८ पर्यंत होती. नौदलाची इल्यूशिन-३८ आणि तुपोलेव्ह-१४२ तासन्‌तास समुद्रावर राहायची, त्यामुळे त्यांत खाण्यापिण्याची सोय होती.

सुपर कॉन्स्टेलेशनची गोष्ट वेगळी आहे. ही मुळात एअर इंडियाची प्रवासी विमानं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती हवाई दलाकडे आली आणि पुढे नौदलाकडे गेली. म्हणजे अशा विमानातली वस्तू प्रवासी आणि लष्करी दोन्ही असू शकते, आणि दोन्ही शिक्के एकाच वस्तूवर आढळले तर त्यात गडबड आहे असं मानायचं कारण नाही.

वस्तू हातात आली. सगळ्यात आधी काय पाहू?

ती कशी धरून ठेवली जात असेल, ते पाहा. विमान हलतं, कलतं, दणकन खाली बसतं. म्हणून गॅलीतली कुठलीच वस्तू नुसती ठेवलेली नसते, ती अडकवलेली असते. झाकणाला खटका, बुडाला खाच किंवा खुंटी, बाजूला पट्टा ओवायची कडी, मागे सरकवून बसवायची पट्टी, यातलं काहीतरी असतंच. घरगुती किटलीला यातलं काही लागत नाही. तुमच्या भांड्याला असं काहीच नसेल, तर ते विमानातलं असण्याची शक्यता फारच कमी.

मग वजन. विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशोब असतो. पत्रा पातळ असतो, पण कडा दुमडून किंवा नाळ्या उठवून त्याला ताकद दिलेली असते. भारदस्त वजन हे तिथे खानदानाचं लक्षण नाही. जड बिडाचा तवा घेऊन "बॉम्बर विमानातला" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्रा कसा घडवला आहे. आपल्या कसब्यातल्या तांबट आळीतलं भांडं पाहा: त्यावर मठारकामाचे, हातोडीचे ठसे असतात आणि तेच त्याचं सौंदर्य. विमानातल्या भांड्यावर हातोडीचा ठसा दिसणार नाही. तिथे यंत्रावर फिरवून घडवल्याच्या बारीक गोल रेषा, स्पॉट वेल्डिंगचे ओळीनं आलेले ठिपके, किंवा सारख्या अंतरावरचे रिव्हेट दिसतील.

पाटी आहे, पण त्यावरचे आकडे कळत नाहीत. ते कसे वाचायचे?

पाटी असेल तर नशीब काढलंत. घाई न करता वाचा.

अमेरिकन वस्तूवर तेरा आकड्यांचा साठा क्रमांक दिसला, तर त्याचे तीन तुकडे पाडा. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ७३१० म्हणजे अन्न शिजवायची आणि वाढायची उपकरणं, ७३३० म्हणजे स्वयंपाकाची हत्यारं आणि भांडी, ७३५० म्हणजे ताटं-कप वगैरे. १६८० हा विमानाच्या किरकोळ सामानाचा वर्ग आहे, गॅलीच्या काही वस्तू त्यातही सापडतात. पुढचे दोन आकडे देशाचे: ०० आणि ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, २१ कॅनडा, ६६ ऑस्ट्रेलिया. उरलेले सात त्या वस्तूचे स्वतःचे. देशाचे दोन आकडे नसतील आणि क्रमांक अकराच आकडी असेल, तर ती पाटी १९७४ च्या आधीच्या पद्धतीची आहे, कारण तेरा आकडी पद्धत त्या वर्षी सुरू झाली. नुसत्या आकड्यांच्या संख्येवरून काळ कळतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

इथे एक सावधगिरी: ७३१० वर्गात लष्कराच्या जमिनीवरच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूही येतात. वर्ग जुळला म्हणून विमान सिद्ध होत नाही. व्होल्टेज आणि अडकवायची पद्धतही जुळावी लागते.

ब्रिटिश वस्तूवर मुकुटाखाली ए.एम. ही अक्षरं दिसली तर तो एअर मिनिस्ट्रीचा शिक्का. ते खातं १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झालं, म्हणजे शिक्का त्याआधीचा. नुसता बाणाचा शिक्का सरकारी मालकी सांगतो, तो कुठल्याही खात्याचा असू शकतो. शिवाय ब्रिटिश हवाई दलाचे विभाग क्रमांक असतात: ५सी पासून सुरू झाला तर विजेचं सामान, ६ए म्हणजे मोजमापाची यंत्रं, १० च्या आसपासचे रेडिओचे, २२सी वैमानिकांचे कपडे. पाणी तापवायच्या भांड्याच्या नावाखाली ६ए लिहिलेली पाटी असेल, तर ती दुसऱ्याच यंत्रावरून काढून डकवलेली आहे. म्हणून पाटीचे रिव्हेट नीट पाहा. जुनी पाटी नव्या चकचकीत रिव्हेटांनी बसवलेली असेल, तर विकत घेण्याआधी थांबा.

पाटी रशियन आहे. आता?

रशियन न येताही बरंच कळतं. रोमन बी सारखं दिसणारं अक्षर रशियनमध्ये "व" असतं. म्हणून २७ च्या पुढे ते अक्षर आलं, की २७ व्होल्ट. बी आणि टी जोडून आल्यासारखं दिसलं तर वॅट. उलट्या एल सारखं पहिलं अक्षर आणि ४०० हा आकडा आला तर ४०० हर्ट्झ. तारखेत महिना किंवा तिमाही रोमन आकड्यांत लिहिलेली आढळते.

पंचकोनाच्या आत एक खूण असलेला शिक्का दिसला, तर ते सोव्हिएत सरकारचं गुणवत्ता चिन्ह. ते १९६७ मध्ये सुरू झालं, म्हणजे वस्तू त्यानंतरची. आणि एक खूण अशी, की ती सापडली तर विकणाऱ्याला प्रेमानं दाखवावी: भांड्याच्या बुडाला रूबल-कोपेकमध्ये किंमत ठोकलेली असणं. सोव्हिएत काळात दुकानातल्या मालाच्या किमती सरकार ठरवायचं आणि त्या वस्तूवरच छापत. विमानाच्या कारखान्यातून बसवून आलेल्या उपकरणावर दुकानाची किंमत नसते. असा चमचा किंवा थर्मास एखाद्या रशियन तंत्रज्ञाच्या सामानातून आलेला असू शकतो. तोही जपण्यासारखा आहे, पण तो विमानाचा भाग नव्हे.

पाटीच नाही. मग काहीच कळणार नाही का?

कळतं, फक्त जास्त वेळ लागतो. तीन जागा आहेत.

पहिली जागा स्क्रूचे आटे. वर्नियर कॅलिपर आणि आटे मोजायची पट्टी दोन्ही भोहरी आळीत मिळतात. गॅलीच्या सामानात साधारण पाच मिलिमीटरचे स्क्रू खूप असतात आणि तिथेच देश उघडा पडतो. जुना ब्रिटिश २ बीए स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, अमेरिकन १०-३२ हा ४.८३ चा आणि मेट्रिक एम५ बरोबर ५ चा. डोळ्यांना तिन्ही सारखेच. नट एकमेकांवर थोडे फिरतातही, म्हणून "बसतोय की" यावर विश्वास ठेवू नका, मोजा. एकच स्क्रू मोजून निष्कर्ष काढू नका, पाच-सहा मोजा. आपल्याकडे दुरुस्तीत हाताला लागेल तो स्क्रू बसवतात. सगळे एकाच जातीचे निघाले तर तो मूळ देश. बोल्टच्या डोक्यावर उठावाची फुली असेल तर तो अमेरिकन विमानाचा बोल्ट आहे.

दुसरी जागा पत्र्याची आतली बाजू. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कारखान्याची छापील ओळ कधीकधी आत शाबूत राहते. २४ एस-टी असं असेल तर तो पत्रा जुन्या नावाचा. १९५४ मध्ये अमेरिकेत चार आकडी नावं आली आणि त्याच मिश्रधातूला २०२४ म्हणू लागले. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन झाकणाच्या आतून बघा. आत पोपटी किंवा पिवळट हिरवा रंग असेल तर तो झिंक क्रोमेटचा असू शकतो. विमानाच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो देत. तो घासू नका, त्याची धूळ विषारी असते.

तिसरी जागा प्लग. आट्यांची गोल कडी फिरवून घट्ट करायचा, आत दोन-चार जाड पिना असलेला प्लग ही विमानाची खूण. अमेरिकन प्लगवर ए.एन. आणि पुढे ३१०६ किंवा ३१०२ असा आकडा असेल तर तो जुना, त्याच आकड्याआधी एम.एस. असेल तर नंतरचा.

मल्टिमीटर आहे. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी आहे. पाटी बदलता येते, गोष्ट रचता येते, तारेचा रोध मात्र सहसा कोणी बदलत नाही.

वस्तू कशालाही न जोडता प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. साधारण ४०० वॅटचं तापवायचं भांडं २८ व्होल्टचं असेल तर रोध २ ओहमच्या आसपास येतो. ११५ व्होल्टचं असेल तर ३३ च्या आसपास आणि घरगुती २३० व्होल्टचं असेल तर १३० च्या वर. हजार वॅटच्या उपकरणाला हेच आकडे पाऊण ओहम, १३ आणि ५३ होतात. इतका फरक असल्यानं वॅट नक्की माहीत नसले तरी अंदाज चुकत नाही. पाव-अर्धा लिटरच्या भांड्यात २ ओहम आले, की ते घरातलं नाही हे नक्की. ट्रकमध्ये वापरायचं २४ व्होल्टचं भांडंही जवळपास तेवढाच आकडा देईल, तिथे प्लग आणि आटे पाहून फरक करावा लागतो. मोजायच्या आधी मल्टिमीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करा, नाहीतर २ चे ३ दिसतील. एका पिनेपासून अंगाच्या पत्र्यापर्यंतही मोजा. काही विमानांत विजेचा परतीचा मार्ग पत्र्यातूनच असायचा.

घरच्या प्लगला लावून पाहू का? फक्त एकदाच?

नाही. एकदाही नाही.

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी असते. विमानात २८ व्होल्ट डीसी, किंवा ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ एसी, किंवा काही ब्रिटिश विमानांत २०० व्होल्ट ४०० हर्ट्झ असते. २ ओहमच्या भांड्याला २३० व्होल्ट दिले तर ११५ अँपिअर प्रवाह ओढला जाईल. फ्यूज उडाला तर सुदैव, नाहीतर ठिणगी आणि वितळलेली तार. ११५ व्होल्टच्या उपकरणाला २३० दिले तर चौपट उष्णता निर्माण होते. आणि पंखा किंवा ट्रान्सफॉर्मर असलेलं ४०० हर्ट्झचं उपकरण बरोबर व्होल्टेज देऊनही ५० हर्ट्झवर तापून जळतं.

हॉट कप म्हणजे काय? फोटोत कसा ओळखायचा?

अमेरिकन लष्करी विमानांतली ही सगळ्यात नेहमीची वस्तू. उंच, सरळ बाजूंचा, साधारण मोठ्या दुधाच्या मगाएवढा डबा. झाकणाला खटका, एका बाजूला दांडा, आणि मागे किंवा बुडाला प्लगच्या पिना. भिंतीवरच्या खोबणीत तो सरकवला, की प्लग आपोआप जोडला जातो. त्यात पाणी, सूप किंवा कॉफी तापवायची. आपल्याकडे लोक त्याला दुधाचा डबा किंवा प्रयोगशाळेतलं भांडं समजतात आणि पिना वाकवून टाकतात. पिना वाकलेल्या असल्या तरी सरळ करायला जाऊ नका, तुटतात.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायला मला आवडते. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं. डकोटासारख्या हवाबंद नसलेल्या विमानात दहा हजार फुटांवर ते ९० अंशांनाच उकळतं. माझे वडील म्हणायचे, वरचा चहा कधीच चढत नाही. बरीच वर्षं मला ती त्यांच्या बोलण्याची लकब वाटायची. ते भौतिकशास्त्र होतं.

थर्मास आणि पाण्याच्या पिंपांचं काय?

ही ओळख सगळ्यात निसरडी, कारण तोच थर्मास विमानात, जीपमध्ये आणि सहलीला तिन्हीकडे जायचा. एकट्या थर्मासवरून विमान सिद्ध करता येत नाही. त्याची भिंतीवरची कडी, पट्टा किंवा खोबण सोबत असेल तर गोष्ट वेगळी. खालच्या बाजूला तोटी असलेली, दुहेरी भिंतीची मोठी स्टीलची पिंपं अमेरिकन सैन्यात खूप होती. शिकागोच्या व्हॅक्यूम कॅन कंपनीचं एअरव्हॉइड हे नाव त्यांवर दिसतं. नावात "एअर" आहे म्हणून ती विमानातलीच असं नाही, ती जमिनीवरही तितकीच वापरली गेली.

जुन्या थर्मासच्या आत काच असते. हलवून पाहिल्यावर खुळखुळ आवाज आला तर झाकण उघडून उपडा करू नका.

ओव्हन मिळालाय. किती जुना असेल?

आत पंखा आहे का पाहा. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत मॅक्सन कंपनीनं विमानासाठी व्हर्लविंड नावाचा ओव्हन केला. पंख्यानं गरम हवा फिरवून त्यात गोठवलेली तयार ताटं गरम करत, आणि ती ताटं सुरुवातीला लष्करी वाहतूक विमानांसाठी होती. म्हणजे पंखा दिसला म्हणून वस्तू नवी ठरत नाही. पुढच्या काळातल्या ओव्हनवर टॅपन, नॉर्डस्कॉग, एअरोलक्स अशी नावं दिसतात. यातली बरीच उपकरणं प्रवासी विमानांतली असतात.

ओव्हनचं अस्तर मात्र उचकटू नका. जुन्या ओव्हनच्या भिंतीत आणि तारांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पांढरट-करडं, तंतुमय, कापसासारखं काही बाहेर आलेलं दिसलं तर वस्तू जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करा आणि घरात झाडू मारू नका. ही काळजी मी कळकळीनं सांगते आहे, कारण भंगारातले ओव्हन सोलणारी पोरं तोंडाला रुमालही न बांधता बसलेली मी पाहिली आहेत.

चमचे, काटे, कपबशा यांवर पंखांचं चिन्ह आहे. विमानातलेच ना?

बहुतेक वेळा मेसमधले. मुकुट, ए.एम. आणि सालाचा शिक्का असलेले शेफिल्डचे काटे-चमचे तळावरच्या जेवणघरात वापरले जायचे. चिनी मातीची जड बशी तर लष्करी विमानात सहसा नेत नसत. तिथले कप बहुधा प्लॅस्टिकचे, मेलामाइनचे, कागदाचे किंवा पातळ धातूचे असत. रेल्वेच्या जेवणगाड्यांचे चमचेही याच ढिगात मिसळलेले असतात, त्यांवर रेल्वे कंपनीची आद्याक्षरं शोधा. महाराजा दिसला तर तो एअर इंडियाचा. ते चित्र १९४६ पासूनचं.

"महायुद्धातली विमानाची ट्रॉली" म्हणून एक जण विकतोय.

घेऊ नका. अरुंद वाटेतून ढकलायची, ब्रेकवाली ॲल्युमिनियमची ट्रॉली मोठ्या प्रवासी जेट विमानांच्या काळातली आहे. तिची आजची मापं ॲटलस आणि के.एस.एस.यू. या युरोपीय विमान कंपन्यांच्या दोन गटांनी ठरवली. डकोटात ती फिरवायला वाटच नव्हती. घरात कपाट म्हणून ती सुंदर दिसते, त्यासाठी घ्यायची असेल तर तेवढ्याच भावात घ्या.

घासून चकचकीत करू का?

माझ्या हातून झालेली चूक सांगते. जुन्या बाजारातून आणलेल्या पहिल्या हॉट कपवर बुडाशी जांभळट शाईचा एक पुसट गोल होता. मला तो डाग वाटला. चिंच-मीठ लावून मी भांडं लख्ख केलं आणि वडिलांना दाखवायला गेले. त्यांनी ते उलटं केलं, बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "इथला शिक्का कुठे गेला?" तो तपासनिसाचा शिक्का होता. कुठल्या कारखान्यातून, कोणाच्या हाताखालून ते भांडं गेलं, ते सांगणारी तेवढी एकच खूण, आणि मी ती नळाखाली वाहून घालवली.

म्हणून चिंच, लिंबू, राख, तारेचा घास, पॉलिश, काहीही नको. ॲल्युमिनियमला तर आंबट आणि मीठ दोन्ही खातात. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ दात घासायचा ब्रश. शाई किंवा रंग असलेल्या जागी पाणीही नको, कोरडं मऊ कापड पुरे. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग पाणी. पुण्याच्या पावसाळ्यात वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकू नका, कागद ओल धरतो. सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा उघडून पाहणं, एवढं पुरतं.

त्यात चहा करून प्यायला चालेल का?

नको. जुन्या जोडांत शिशाचं सोल्डर असू शकतं आणि स्क्रू-कड्यांवर कॅडमियमचा मुलामा असतो, करडा किंवा सोनेरी झाकेचा. तो तापवणं, घासणं, त्याला आंबट लागणं, सगळंच वाईट. कल्हई करून घेऊ का, असंही विचारतात. कल्हई तांब्या-पितळेसाठी. इथे तिनं मूळ पृष्ठभाग जाईल आणि भांडं तरीही खाण्याजोगं होणार नाही.

अशी वस्तू बाळगणं कायदेशीर आहे का?

रीतसर लिलावातून निघालेलं सरकारी भंगार विकत घेणं कायदेशीर आहे. असे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात आणि मग माल भंगारवाल्यांकडे झिरपतो. विकणाऱ्याकडून पावती मागा, साध्या कागदावर लिहिलेली का होईना. नवीकोरी, खोक्यातली, अजून सेवेत असलेल्या विमानाची वस्तू कोणी हळू आवाजात दाखवत असेल, तर तिथून निघा. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, महायुद्धातल्या वस्तू अजून त्यात येत नाहीत.

किंमत किती?

आकडा मी सांगत नाही, कारण तो दर रविवारी बदलतो. मूळ पाटी, न वाकलेल्या पिना आणि भिंतीवरची खोबण सोबत असेल तर वस्तूचं मोल वाढतं. पॉलिशनं कमी होतं.

डोळा तयार करायला पुण्यात कुठे जाऊ?

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. तिथे विमानाचं काही नाही, पण रोजच्या वापरातली भांडी, दिवे, अडकित्ते आहेत. हात लागून झिजलेली कड आणि मुद्दाम झिजवलेली कड यातला फरक तिथे तासभर नुसतं बघून कळतो. मग तांबट आळी. प्रत्यक्ष विमानात शिरलेली गॅली कशी असेल याचा अंदाज घ्यायचा, तर गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आकाराचा अंदाज येतो.

आजोबा हवाई दलात होते. घरात एक डबा सापडला आहे, पण सांगायला ते आता नाहीत.

असे निरोप सगळ्यात जास्त येतात, आणि त्यांना उत्तर देताना मी घाई करत नाही. त्यांच्या कागदांत सेवेची नोंद असेल तर त्यात नेमणुकीची ठिकाणं आणि सालं मिळतील. ती विमानांच्या सालांशी ताडून पाहा. १९६५ साली कोणी अँतोनोव्ह-१२ च्या तुकडीवर असेल आणि डब्यावर २७ व्होल्टची रशियन पाटी असेल, तर दोन्ही धागे जुळतात. त्यांच्या बरोबरचे कोणी काका असतील तर त्यांना फोटो पाठवू नका, वस्तूच घेऊन जा. हातात धरल्यावर माणसाला जे आठवतं, ते फोटोत आठवत नाही.

काहीच जुळलं नाही, तरी जाड कागदाची एक चिठ्ठी सुती दोऱ्यानं वस्तूला बांधा. पेन्सिलनं लिहा, शाई फाकते. कुठे सापडली, कोणत्या तारखेला, घरातलं कोण काय सांगतं, रोध किती आला, स्क्रू कुठल्या मापाचे. ज्याची खात्री नाही त्यापुढे "ऐकीव" असं लिहा. माझ्या कपाटात तो पहिला हॉट कप अजून आहे. त्याच्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात एक ओळ आहे: "बुडाला शिक्का होता, जांभळा, गोल."